वेशीवरचे काटे

एकाने मरावे आणि दहांनी वाचावे, हा हिशेब माणूस फार जुन्या काळापासून मांडत आला आहे. बुरूज उभा राहत नव्हता म्हणून त्याच्या पायात कोणाला तरी पुरले, तळ्याला पाणी लागत नव्हते म्हणून घरची सून त्यात उतरवली, अशा कथा आपल्याकडे गावोगाव ऐकायला मिळतात. त्या खऱ्या असोत वा नसोत. सांगणाराच्या आवाजात एक प्रकारची कृतज्ञता असते आणि ऐकणाराही मान डोलावतो. मला मात्र त्यांतली एक गोष्ट लहानपणापासून खटकत आली. तळ्यात उतरते ती सून, आणि तिने उतरावे हे ठरवतो तो सासरा. हिशेब मांडणारा एक, त्यातून वजा होणारा दुसरा.

दिवाळीच्या अंकात, करंजीचा तुकडा तोंडात असताना, हा विषय कशाला काढलात, असे कोणी विचारील. परंतु बळी या शब्दाची दिवाळीशी सोयरीक जुनीच आहे. पाडव्याला ज्याची आपण पूजा करतो तो बळिराजाही पायाखालीच गेला. फरक इतकाच, की तिसरे पाऊल कोठे ठेवू असे विचारल्यावर त्याने स्वतःचे मस्तक पुढे केले. प्रजेतल्या कोणाचे डोके त्याने दाखवले नाही. म्हणूनच की काय, ज्याने त्याला पाताळात घातले त्याच्या विजयापेक्षा या पराभूताचीच आठवण लोकांनी अधिक जिव्हाळ्याने जपली.

हा जुना प्रश्न माझ्या मनात पुन्हा उसळून आला तो एका भलत्याच वाचनामुळे. जिवाणू आणि विषाणू यांच्या आपापसातल्या भांडणाविषयी मिळेल ते वाचण्याचा मला गेली काही वर्षे नाद लागला आहे. त्यातून मी समुद्रातल्या पोवळ्यांच्या रोगापर्यंत पोचलो. जालन्यासारख्या, समुद्राचे वारेही जेथवर पोचत नाही अशा गावी बसून माणसाने पोवळ्यांच्या प्रकृतीची काळजी करावी, याचे घरच्यांना हसू येते. पण नादाला गाव नसते.

आपल्याला रोग देणाऱ्या जंतूंनाही रोग होतात, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाराला मोठी समाधानाची वाटते. आग्र्याला काम करणाऱ्या हॅन्किन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ साली लिहून ठेवले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे काही तरी आहे. ते काय असावे हे त्याला सांगता आले नाही. पुढे १९१७ साली फेलिक्स द'हेरेल याने जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंना नाव दिले, आणि १९२७ साली हाच गृहस्थ हिंदुस्थानात येऊन पंजाबातल्या विहिरींत पटकीविरुद्ध हे विषाणू ओतत हिंडला. जंतूंवर जंतू सोडण्याची ही कल्पना आपल्या लोकांना काट्याने काटा काढण्याइतकी सोपी वाटली असेल.

हा विषाणू म्हणजे काय? तो ना खातो, ना श्वास घेतो, ना स्वतःच्या बळावर वाढतो. आपल्या कुळाची पोथी तेवढी तो एका बारीक डबीत घालून हिंडतो. योग्य जिवाणू भेटला की त्याला चिकटतो, पोथी आत सोडतो, आणि मग घर जिवाणूचे, भांडी जिवाणूची, दाणागोटा जिवाणूचा, पण स्वयंपाक मात्र विषाणूचा, असा प्रकार सुरू होतो. अर्ध्या तासाच्या आत घर फुटते आणि आतून शंभर-दीडशे नवे विषाणू बाहेर पडतात. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात असे विषाणू एक कोटीच्या आसपास असतात. यावरून या जगात दर क्षणी केवढी लूटमार चाललेली असते, याची कल्पना करावी.

इतक्या वैऱ्यांच्या गराड्यात जिवाणू कोट्यवधी वर्षे टिकून राहिले, त्या अर्थी त्यांच्यापाशीही काही शहाणपण असले पाहिजे. ते आहे. त्यातला एक प्रकार मला आपल्या ओळखीचा वाटतो. जिवाणू स्वतःच्या डीएनएवर ठिकठिकाणी एक बारीकसा रासायनिक टिळा लावून ठेवतो, आणि बिनटिळ्याचा डीएनए आत आला की त्याची खांडोळी करतो. टिळा असेल तो आपला, नसेल तो परका. १९५०च्या सुमारास याचा पहिला सुगावा लागला आणि वेर्नर आर्बर व त्यांच्या दोघा सहकाऱ्यांना १९७८ साली त्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. यात गंमत अशी, की एखादा विषाणू कापला जाण्यापूर्वी चुकून निसटला, तर जिवाणूचे आंधळे कारकून त्याच्याही पोथीवर तोच टिळा लावून देतात. मग त्याची सारी प्रजा कपाळाला टिळा लावून शेजारच्या घरांत राजरोस शिरते. टिळा पाहून माणूस ओळखणाऱ्यांची फजिती जिवाणूंच्या जगातही होते तर!

दुसरा प्रकार स्मरणाचा आहे, आणि त्याचा धागा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. विषाणूचा हल्ला परतवलेला जिवाणू कधी कधी शत्रूच्या पोथीतला एक लहानसा तुकडा कापून स्वतःच्या पोथीत ओवून ठेवतो. पुन्हा तोच शत्रू आला, की त्या तुकड्याशी ताडून पाहतो आणि जुळले की कापतो. हे तुकडे मुलाबाळांना वारशाने मिळतात. या व्यवस्थेला आज क्रिस्पर म्हणतात. २००७ साली ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध झाली ती दह्याच्या जिवाणूंवर. मोठ्या दुग्धालयांत हौदच्या हौद विषाणूंनी नासतात. त्यातून वाचलेले विरजण कसे वाचले, हे पाहता पाहता तेथल्या संशोधकांना शत्रूचे हे जपून ठेवलेले तुकडे सापडले. आमच्या आजीने वर्षानुवर्षे एकच विरजण चालवले. त्या वाटीत केवढा इतिहास कोंडलेला होता, हे तिला कोणी सांगितले असते तर तिने वाटीला नमस्कार केला असता.

या शोधाला आमच्या मुलखाचा दूरचा शेजार आहे. क्रिस्परच्या खुणा सुरुवातीला ज्यांनी चिकाटीने तपासल्या ते फ्रान्सिस्को मोहिका स्पेनमधल्या मिठागरांतल्या, खाऱ्या पाण्यात आनंदाने राहणाऱ्या सूक्ष्मजीवांवर १९९३ साली काम करीत होते. आमच्या मंठा तालुक्याच्या पलीकडे बुलढाण्याच्या हद्दीत लोणारचे खारे सरोवर आहे. २०२०च्या जूनमध्ये ते एकाएकी गुलाबी झाले आणि लोक घाबरले. कोणी शकुन म्हटले, कोणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा रंग आणणारे हे त्याच खारट गोतातले सूक्ष्मजीव निघाले.

परंतु मला बोलायचे आहे ते तिसऱ्या प्रकाराविषयी. टिळ्याची चौकी ओलांडली गेली, स्मरणही उपयोगी पडले नाही, शत्रू आत येऊन चुलीजवळ बसला. अशा वेळी कित्येक जिवाणू मरण पत्करतात. विषाणूची पिलावळ तयार होण्यापूर्वीच आतली एखादी यंत्रणा सुटते, भिंतीला भोके पडतात किंवा स्वतःच्याच डीएनएचा चुरा होतो, आणि घर आतल्या चोरासकट बसते. काही वेळा हे मरण नसून काष्ठवत पडून राहणे असते, असे आता काही अभ्यासक म्हणतात. परिणाम तोच: शंभर-दीडशे विषाणू बाहेर पडायचे ते पडत नाहीत आणि शेजारी वाचतात.

हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. ज्याला मेंदू नाही, मज्जातंतू नाही, ज्याचे सगळे शरीर म्हणजे एक ठिपका, त्याच्या पदरी आपण हुतात्म्याचे पुण्य बांधावयाचे काय? शास्त्रज्ञ सरळ म्हणतील, की बांधू नये. वाचणारे शेजारी म्हणजे त्याच जिवाणूच्या दुभंगण्यातून झालेली त्याचीच प्रतिरूपे; तो मेला तरी त्याची पोथी शेजारच्या घरी जशीच्या तशी जिवंत राहते. भावासाठी प्राण द्याल काय, असे विचारता, एका भावासाठी नाही, पण दोन सख्ख्यांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी देईन, असे उत्तर जे. बी. एस. हाल्डेन यांच्या नावावर सांगतात. हे हाल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून कायमचे भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले, म्हणजे आठ चुलत भावांचा हिशेब ज्या देशात घरोघरी समजतो तेथेच ते येऊन राहिले.

गणित पटते. तरीही गणिताने माझे समाधान होत नाही. मी नीतीच्या दृष्टीने पाहतो तेव्हा मला जिवाणूच्या मरणात वेगळीच गोष्ट दिसते. मरणाची कळ मरणाराच्याच पोटात आहे. शेजारचे जिवाणू जमून, तू रोगी आहेस, आता तू मर, असा ठराव करीत नाहीत. तसा ठराव करण्याची त्यांना सोयच नाही. कळ दाबली जाते ती शत्रू खरोखर आत आल्यावर. नुसत्या संशयावर बहुधा नाही. यात पुण्य नसेल, परंतु अन्यायही नाही.

आमच्या एका मित्राशी या विषयावर माझे अनेकदा वाजले. ते निवृत्त शिक्षक, बुद्धी तल्लख, आणि निसर्गाचे दाखले देण्याची भारी हौस. त्यांचे म्हणणे असे, की समूहासाठी व्यक्तीने झिजावे हा निसर्गाचाच कायदा ठरला. जिवाणूंना कळले ते आपल्याला कळत नाही. मी त्यांना म्हटले, गुरुजी, निसर्गाच्या दुकानात सगळ्याच मतांचा माल मिळतो. तुम्ही जिवाणूचे मरण उचलता; मी तुम्हाला दुसऱ्याच्या घरट्यात अंडे घालणारी कोकिळा दाखवतो. तिच्यापासून कोणता कायदा घ्यायचा? ते हसले, पण मत काही सोडले नाही. मीही सोडले नाही. पण त्यांना उत्तर शोधताना मी पोवळ्यांकडे अधिक लक्ष देऊ लागलो, हा त्या वादाचा मला झालेला लाभ.

पोवळे म्हटले की आपल्याला मंगळाच्या अंगठीतला लाल खडा आठवतो. समुद्रात भिंतीच्या भिंती बांधणारी पोवळी निराळी. ती पाहायला फार दूर जायला नको. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती ती आहेत, तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक त्यांची प्रकृती पाहत आले आहेत. पोवळे हा प्राणी आहे. मोठ्या वसाहतीत असे लक्षावधी इवले प्राणी, मुखाभोवती तंतू हलवीत, स्वतःच बांधलेल्या चुन्याच्या घरात दाटीने बसलेले असतात. प्रत्येकाच्या अंगात सूक्ष्म शैवालाची वस्ती असते. शैवाल उन्हात अन्न करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. पाणी फार तापले की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर पडते आणि पोवळे पांढरेफटक दिसू लागते. १९९८, २०१० आणि २०१६ साली जगभरच्या समुद्रांत असे पांढरे पट्टे उमटले.

आता या घराची वेस पाहा. पोवळ्याच्या अंगावर बुळबुळीत स्रावाचा एक थर असतो. त्यात जिवाणू राहतात, खातात, पितात. आणि २०१३ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी दाखवले, की अशा स्रावाच्या थराला जिवाणूभक्षी विषाणू चिकटून राहतात, आणि बाहेरून येणारे जिवाणू तेथेच मरतात. हे केवळ पोवळ्यांतच नव्हे. पुष्कळ प्राण्यांत, आपल्या हिरड्यांवरसुद्धा, तसेच आहे. म्हणजे ज्यांना आपण मघाशी दरोडेखोर म्हटले तेच येथे पहाऱ्यावर! शिवाय काही विषाणू घरजावयासारखे असतात. जिवाणूच्या पोथीत आपली पोथी चिकटवून ते पिढ्यान्‌पिढ्या मुकाट पडून राहतात आणि आपल्या जातीच्या दुसऱ्या विषाणूला घरात पाय ठेवू देत नाहीत. सासुरवाडीवर संकट आले, उष्णता वाढली, विष कालवले गेले, की मात्र हाच जावई जागा होतो आणि घर फोडून बाहेर पडतो. रोगी पोवळ्यांच्या अभ्यासात नेमका कोण कोणाच्या बाजूचा, हे सांगणे अवघड होते ते यामुळे.

इस्राएलच्या भूमध्य किनाऱ्यावर एका जातीची पोवळी दर उन्हाळ्यात पांढरी पडत. यूजीन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६च्या सुमारास त्याचे खापर एका जिवाणूवर फोडले आणि प्रयोगाने ते दाखवलेही. नंतर काही वर्षांनी तोच जिवाणू त्याच जातीच्या पोवळ्यांवर सोडला, तर काहीच होईना. पोवळ्याला आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात. मग ते शिकले कसे? रोझेनबर्ग यांनी २००६ साली असे सुचवले, की पोवळे बदलले नाही, त्याच्या अंगावरची जिवाणूंची वस्ती बदलली. नवे शेजारी आले आणि त्यांनी घर सांभाळले. ही उपपत्ती सर्वांना मान्य नाही, आणि मूळ खापर तरी बरोबर फोडले होते काय, यावरही वाद झाला. मला त्या वादात पडण्याचा अधिकार नाही. परंतु माझे रक्षण माझ्या तटबंदीने नव्हे, माझ्या पदरी कोण राहतात त्यावरून होते, ही कल्पनाच मला मोठी वाटली.

फ्लोरिडात मायामीजवळ २०१४ साली एक भयंकर रोग निघाला. पोवळ्याचे मांस चुन्यावरून सोलून निघते. शतकभर वाढलेली, मेंदूसारख्या वळ्यांची पोवळी काही आठवड्यांत नागडी पडतात. वीसहून अधिक जातींना त्याने ग्रासले आणि तो कॅरिबियन समुद्रभर पसरला. कारण अजून निश्चित झालेले नाही. प्रतिजैविकाने उतार पडतो, म्हणून जिवाणूंवर संशय. अंगातल्या शैवालात विषाणूसारखे कण दिसले, म्हणून विषाणूंवरही संशय. पाणबुडे समुद्राच्या तळाशी जाऊन एकेका पोवळ्याच्या जखमेवर हाताने मलम थापतात. रोगी पोवळी उपटून निरोगी वाचवावीत, हाही एक मार्ग होता, आणि विचारी लोक त्याचाही विचार करतात. कोणते केव्हा करावे याचा कायदा जिवाणूच्या पुस्तकात लिहिलेला नाही. तो पाण्याखाली मलमाचा गोळा घेऊन उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावा लागतो.

आमच्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागाईतदाराला यातले काही सांगितले, तर तो म्हणेल, यात नवल काय? जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बदनापूरला मोसंबीचे संशोधन केंद्र आहे. झाडांच्या रोगांची बोली येथे पोरासोरांनाही येते. लिंबूवर्गीय झाडांना ट्रिस्टेझा नावाचा विषाणू लागतो. हा पोर्तुगीज शब्द, अर्थ उदासी. ब्राझीलमध्ये १९३७च्या पुढे या उदासीने आंबट नारिंगाच्या खुंटावरची लक्षावधी झाडे वाळली. आमच्याकडे मोसंबीचा डोळा रंगपूर लिंबाच्या किंवा जंबेरीच्या खुंटावर भरतात. रंगपूरच्या खुंटावरचे झाड विषाणूला मारत नाही. विषाणू अंगात वागवतो आणि फळे देत राहतो. पुढे ब्राझीलच्या लोकांनी तर मुद्दाम सौम्य जातीचा विषाणू झाडाला टोचला, की तो आत बसला म्हणजे जहाल जातीला जागा मिळत नाही. बागाईतदार या व्यवहाराला युद्ध म्हणत नाही, आणि तहही म्हणत नाही. तो म्हणतो, झाड दम धरून आहे.

आता मला २०२० सालाकडे यावयाचे आहे. आलो नाही तर हा लेख लिहिण्याचे कारणच राहणार नाही.

त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी आपापल्या वाटांवर बाभळीच्या फांद्या, बैलगाड्या, दगड आडवे टाकले आणि बाहेरच्यांना गाव बंद, अशा पाट्या लावल्या. या लोकांना मी मूर्ख म्हणणार नाही. घरोघरी म्हातारी माणसे, आरोग्य केंद्र दूर, आणि रोगाचे नाव कालपरवा ऐकलेले. दार लावून घेणे ही पहिली बुद्धी प्रत्येक जिवाला सुचते. जिवाणूलाही तीच सुचली होती. आणि आपल्याकडे तर वेस हे रोगाच्या विचाराचे जुने ठिकाण आहे. पटकी आली की मरीआईचा गाडा सजवून तो वाजतगाजत गावाच्या शिवेवर नेऊन सोडत. पुढच्या गावचे लोक तो आपल्या शिवेतून त्याच्याही पुढच्या गावाकडे लोटत. शेवटचे गाव कोणते, याचा विचार कोणी केला होता की नाही, कोण जाणे.

काटे पडले ते वाटांवर. आणि वाटांवर माणसे होती. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातून आलेले पुष्कळ मजूर काम करतात. काम थांबले, मजुरी थांबली. मे महिन्यात श्रमिकांसाठी गाड्या सुटू लागल्या होत्या. जालन्याहून असे वीस जण, बहुतेक शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले, भुसावळला गाडी मिळेल या आशेने पायी निघाले. सडकेवर अडवतील म्हणून रुळांच्या कडेने चालले. बदनापूर मागे टाकले. पस्तीस-चाळीस किलोमीटर चालून, करमाडजवळ, आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या जिल्ह्यात, थकून टेकले. आगगाड्या बंद आहेत अशा समजुतीने काही जण रुळांवरच झोपले. ८ मे २०२०च्या पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. ज्यांनी ती पाहिली त्यांना ती विसरता आली नसतील.

माझ्या मित्राने तेव्हाही निसर्गाचा कायदा सांगितला. फार हळू आवाजात, हे मला नमूद केले पाहिजे. तो निर्दय माणूस नव्हे. समूह वाचवताना असे होते, तो म्हणाला. येथे मात्र मी त्याला तुटून बोललो, आणि आजही तसेच बोलेन. जिवाणूचा दाखला येथे कोठे लागू पडतो, हे दाखव. ते वीस जण रोगी म्हणून निघाले नव्हते. मरणाची कळ त्यांच्या पोटात नव्हती. त्यांना फक्त घरी जायचे होते. आणि ज्यांना वाचवायचे त्या समूहात त्यांना आपण धरले होते काय? धरले असते तर ते रुळांवरून का चालले असते? जिवाणू मरतो तेव्हा स्वतःच्या रूपासाठी मरतो. येथे ज्यांच्या नावाने दार लागले त्यांच्या यादीत ते वीस जण नव्हते. त्यांनी ओतलेल्या सळया मात्र आमच्या घरांच्या स्लॅबमध्ये आहेत.

मित्र म्हणाला, मग दार लावूच नये काय? प्रश्न रास्त होता. मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. दार लावू नये असे मला म्हणता येत नाही. साथीत दार लावावेच लागते. १८९७च्या प्लेगात ज्यांनी घरे सोडून माळावर झोपड्या टाकल्या त्यांचे प्राण वाचले, हे आपल्या आजे-पणज्यांनी सांगितले आहे. माझे म्हणणे एवढेच, की दार लावणाराने दाराबाहेर कोण उरले हे मोजावे, आणि दार लावण्याचा खर्च त्यांच्या नावे टाकू नये. निसर्गाचा दाखला द्यायचाच तर गुरुजींनी पोवळ्याच्या त्या बुळबुळीत थराचा द्यावा. ती वेसच आहे. पण तेथे कोरडी भिंत नाही, तेथे राबता आहे. त्यावर ते म्हणाले, तूही आता दाखलेच देऊ लागलास. मी म्हटले, हो. फक्त हुकूम म्हणून नाही, ओळख म्हणून देतो.

त्याच महिन्यात मी एका गावच्या वेशीपाशी काही कामाने गेलो होतो. आत जाऊ देणार नव्हतेच. बाभळीच्या काट्यांची चांगली पुरुषभर उंच रास होती, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला, लिंबाच्या सावलीत, तिवईवर एक माठ ठेवलेला होता. वर झाकण, झाकणावर उपडे पितळी भांडे, आणि शेजारी फडक्यात बांधलेल्या तीन-चार भाकरी. गावातली एक म्हातारी रोज तिन्हीसांजेला मागच्या पांदीने येऊन माठ भरून जाई. पहाऱ्यावरच्या पोरांनी तिला हटकले, तेव्हा सरपंचांकडे प्रकरण गेले. सरपंच तिच्या पुतण्याच्या वयाचे. त्यांनी समजावले, आजी, गावबंदी आहे, असे करू नये. ती म्हणाली, "आरं बाबा, माठ भाईर हाय, म्या आत हाय. मंग बिघडलं कुटं?"

सरपंचांनी दुसऱ्या दिवशी तेथे आणखी एक माठ ठेवला. भांडे मात्र राखेने घासून मग भरायचे, एवढी अट त्यांनी घातली, आणि ती म्हातारीला मान्य होती.